मेंढीच्या कपाळावरचं कुंकू

ज्या सुमारास आमच्या हॉस्पिटलात डॉक्टरांना पांढरे कोट घालायला बंदी झाली, लांब बाह्यांतून म्हणे जंतू पसरतात, त्याच सुमारास माझ्या मुलीला मेंढीसाठी पांढरा कोट लागला. मला वाटलं ती माझी फिरकी घेते आहे. पण नियमच होता तसा. काउंटी शोमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या शेतकी प्रदर्शनात, मुलांनी जनावर घेऊन रिंगणात उतरायचं ते पांढऱ्या कोटातच, नाहीतर दारातूनच परत. मग नवऱ्याचा कपाटात लटकलेला जुना कोट काढला. तो भूल देणारा डॉक्टर, खिशावर शाईचे डाग. सासूबाईंनी तो कोट कापून, बाह्या आखूड करून, हाताने टाके घालून मुलीच्या मापाचा केला. आयुष्यभर सांगलीला गणित शिकवलेल्या बाई, त्यामुळे दोन्ही बाह्या सुतात सारख्या.

आम्ही तेव्हा कार्डिफच्या बाहेर एका खेड्यात राहत होतो. घर नव्या वसाहतीतलं, पण मागच्या कुंपणापलीकडे थेट शेत, आणि शेतात शेजारणीच्या मेंढ्या. शेजारीण साठीची, नवरा गेलेला, बोलायला फटकळ. माझी मुलगी बारा वर्षांची. तिने हिवाळाभर कुंपणावर हनुवटी टेकवून मेंढ्या पाहिल्या, आणि वसंतात एक दिवस शेजारणीने तिला आत बोलावून वर्षाची एक मेंढी दाखवली. पांढरं तोंड, पांढरे कान, आणि नजर अशी की आपणच तिचं काही घेणं लागतो. "हिला चालायला शिकव. जमलं तर शोमध्ये ने," एवढंच ती म्हणाली. मेंढीला नाव मात्र ठेवू दिलं नाही. कानातला बिल्ला हेच नाव, असा तिचा खाक्या.

झालं, मुलीच्या डोक्यात दुसरं काही शिरेना. जूनमधल्या आमच्या शोमध्ये लहान मुलांच्या वर्गात जो पहिला येईल त्याला जुलैत वेल्सच्या मोठ्या शोमध्ये उतरायला मिळायचं. टीव्हीवर दाखवतात तो. तिला तिथे जायचं होतं, त्याच मेंढीला घेऊन. मोबाइल मागायची बंद झाली, मैत्रिणींकडे झोपायला जायची बंद झाली. सकाळी युनिफॉर्मवर गमबूट चढवून शेतात, आणि शाळेतून आली की दप्तर जिन्यावर फेकून पुन्हा शेतात. मला तिचं कौतुक वाटायचं आणि थोडी भीतीही. एखादी गोष्ट इतकी हवीशी वाटणं बरं नाही, असं माझं आपलं मत.

इथे एक सांगायला हवं. माझी मुलगी माझ्याशी इंग्रजीतच बोलायची. तीन वर्षांची होईपर्यंत ती फक्त मराठी बोलत होती. मग नर्सरी सुरू झाली, आणि पहिल्या दिवशी घ्यायला गेले तर ही कोट अडकवायच्या खुंट्यांखाली उभी. ओली चड्डी, आवाज बसलेला. दिवसभर 'शू, शू' म्हणत होती आणि कुणाला काही कळलं नाही. तिथल्या बाईंनी मायेनेच सांगितलं, घरी इंग्रजी बोला, तिला सोपं जाईल. आम्ही बोललो, तिला सोपं गेलं. मराठी उरली ती फक्त आजीपुरती, तीही आजी सहा महिन्यांच्या व्हिसावर यायच्या तेव्हा.

त्या वर्षी सासूबाई मार्चमध्येच आल्या होत्या. त्यांना इंग्रजी व्यवस्थित कळतं, पण बोलायचं नाही असं त्यांनी ठरवूनच टाकलेलं. नात संध्याकाळी एकटी शेतात जाते हे त्यांना पसंत नव्हतं, म्हणून साडीवर माझं जाड जॅकेट चढवून त्या तिच्याबरोबर जाऊ लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला शेजारणीला विचारायला लावलं, "हिला कापणार का?" शेजारीण म्हणाली, मादी आहे, कळपात राहील, पिल्लं घालेल. एवढी खात्री झाल्यावर सासूबाईंनी मेंढीला पदरात घेतलं.

मी एकदा ड्यूटीवरून येऊन कुंपणाशी उभी राहिले. मुलगी मेंढीला दाव्याने ओढत होती आणि मेंढी चारी पाय रोवून उभी होती.

"कम ऑन! वॉक!" मुलगी ओरडली.

"अगं, ओरडतेस काय? लाडाने बोल की," सासूबाई म्हणाल्या. मग मेंढीकडे वळून, माहेराहून यायला कुरकुरणाऱ्या सुनेची समजूत काढावी, तशा सुरात, "चल गं बाई."

मेंढी चालली. हातात चारा दिसला असेल, दावं सैल पडलं असेल, काय ते मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून शेतात मराठी सुरू झाली. 'चल गं बाई' म्हटलं की चालायचं. 'थांब' म्हटलं की थांबायचं. 'पाय' म्हणून मागच्या पायाला हात लावला की चारी पाय खाटेच्या पायांसारखे चार कोपऱ्यांत. मुलगी आधी 'चल रे' म्हणायची. आजी तिथल्या तिथे दुरुस्त करायच्या. "ती आहे ना? मग गं." दोन महिन्यांत मेंढी मराठीत मुलीच्या पुढे गेली, असं मी जेवताना म्हणाले तर मुलगी रागावून ताट घेऊन वर निघून गेली.

मला खरं कुतूहल होतं ते नियमांचं. हॉस्पिटलात नियम पाळून वैतागलेली मी, पण हे नियम ऐकायला मला कंटाळा येत नसे. रिंगणात मुलाने कायम मेंढीच्या अशा बाजूला उभं राहायचं की मेंढी आपल्या आणि जजच्या मधे येईल. जज फिरला की आपण पलीकडे जायचं. जजकडे पाठ करायची नाही. नजर मेंढीवर नाही, जजवर. एक हात मेंढीच्या हनुवटीखाली, हलका. लोकर मुठीत धरायची नाही, कारण कातडीखाली रक्त साकळतं आणि मटण खराब होतं. जनावर कुणाचं भारी आहे हे या वर्गात बघतच नाहीत, मूल जनावराला कसं वागवतं ते बघतात. शिवाय तोंडी परीक्षा. जात कोणती, खायला काय, वर्षाच्या मेंढीला पक्के दात किती? मी भाजी चिरता चिरता तिची तयारी घ्यायचे. "दोन," ती म्हणायची, आणि वर मलाच विचारायची की माणसाला अक्कलदाढ का येते.

नियमांच्या मागे राजकारण होतं, आणि ते तर मला फारच आवडलं. जज कायम लांबच्या जिल्ह्यातून बोलवायचा, कारण जवळचा प्रत्येक माणूस कुणाचा तरी मेहुणा. मुलाने जनावराची देखभाल स्वतः केलेली हवी. पण देखभाल म्हणजे काय, मालकी की नुसतं खायला घालणं? यावर गावच्या हॉलमध्ये चहा-बिस्किटांसकट मीटिंग झाली. एक आई उठून म्हणाली की शेतावर न राहणाऱ्या मुलांना या वर्गात घेणं बाकीच्यांवर अन्याय आहे. तिचा चौदा वर्षांचा मुलगा आदल्या वर्षी पहिला आला होता, आणि त्यांच्या घरात तीन पिढ्या मेंढ्या. आमच्याकडे कुणी पाहिलं नाही, त्यामुळे बोलणं आमच्याबद्दलच आहे हे सगळ्यांना कळलं. शेजारीण बसल्या जागेवरून म्हणाली, "पोरगी रोज पहाटे माझ्या शेतात असते. तुमची पोरं तेव्हा झोपलेली असतात." विषय तिथे मिटला, निदान मला तसं वाटलं.

शोच्या दिवशी नवरा ड्यूटीवर होता. आम्ही तिघी आणि शेजारीण, एवढेच. मेंढ्यांच्या तंबूत गेलो तर मला हसूच फुटलं. लग्नघरातल्या नवरीच्या खोलीसारखी धांदल. कुणी मेंढीचे कान ओल्या कागदाने पुसतंय, कुणी कात्रीने पाठ सपाट करतंय, कुणी खुरांना तेल लावतंय. काही मेंढ्या तर चक्क सोनेरी दिसत होत्या. मी शेजारणीला विचारलं, ही कुठली जात? तिने ओठ मुडपले. "बाटलीतली," ती म्हणाली.

मी चहा आणायला गेले आणि रांगेत अडकले. परत आले तर मुलीच्या कपाळावर कुंकू आणि मेंढीच्या कपाळावरही कुंकू. सासूबाई पर्समधला करंडा बंद करत होत्या.

"अहो आई, हे काय केलंत?"

"का? शुभकार्याला निघालीय ती. तुमची नवीन गाडी आली तेव्हा बॉनेटवर स्वस्तिक काढलं तर चाललं तुम्हाला. ही तर जिवंत आहे."

पांढऱ्याशुभ्र तोंडावर ते लाल कुंकू लांबूनही दिसत होतं. मुलीचा चेहरा उतरला. "आजी, नो," एवढंच ती म्हणाली आणि ओला कागद घेऊन मेंढीचं कपाळ पुसायला लागली. पुसलं तसं ते पसरलं. रुपयाएवढं होतं ते बशीएवढं झालं, वर गुलाबी. आता मेंढीकडे बघून कुणालाही वाटलं असतं की ती कुठेतरी धडकून आली आहे.

मीटिंगमधली ती आई शेजारच्याच कप्प्यात होती. तिने आधी आपल्याकडचे पुसायचे कागद पुढे केले, हे मी नमूद करते. पण त्यांनीही डाग जाईना, तेव्हा ती स्टुअर्डकडे गेली. म्हणजे रिंगणाची व्यवस्था पाहणाऱ्याकडे, डोक्यावर काळी गोल हॅट आणि छातीवर बिल्ला. तो आला, वाकला, त्याने कुंकवाला बोट लावून पाहिलं.

"प्रदर्शनातल्या मेंढीला कृत्रिम रंग लावायला मनाई आहे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, संकोचच होता. माझी मुलगी कोटाचं बटण पिरगाळत उभी होती. मला सासूबाईंचा राग आला, स्टुअर्डचा आला, त्या बाईचा तर फारच आला. तीन महिन्यांची पहाट एका चिमूटभर कुंकवाने वाया जाणार होती.

तेव्हा शेजारीण पुढे झाली. "रंग? ठीक. मग या ओळीपासून सुरू करू," ती मोठ्याने म्हणाली. "ती सोनेरी मेंढी आधी धुऊ. मग त्या काळ्या तोंडाच्या मेंढ्यांची तोंडं पुसू, बघू कागदाला काय लागतं. बादल्या आण."

तंबूत सगळ्यांचे हात थांबले. कात्री धरलेला माणूस एकदम आपल्या मेंढीची शेपटी निरखू लागला. इतकी एकमताची शांतता मी हॉस्पिटलच्या कुठल्याही मीटिंगमध्ये अनुभवलेली नाही. शेवटी त्या आईनेच तोंड उघडलं. रंगाचं सोडा, ती म्हणाली, पण ही खूण आहे. जजला ती मेंढी चटकन ओळखता येईल, तो फायदा झाला. स्टुअर्डने हॅट काढून डोकं खाजवलं आणि निर्णय जजवर सोपवला.

जज उंच, पिकलेल्या केसांच्या बाई होत्या, उत्तरेकडून आलेल्या. रिंगणात सात मुलं आपापल्या मेंढ्या घेऊन उभी होती. त्यांनी तक्रार ऐकली, माझ्या मुलीपाशी आल्या आणि विचारलं, "हे काय आहे?"

"माझ्या आजीने लावलं," मुलगी म्हणाली. "चांगलं व्हावं म्हणून." नजर जजवर, हात हनुवटीखाली, मेंढी मधे.

जजबाईंनी मान डोलावली. "मी इथे मुलं बघायला आले आहे, मेंढ्या नाही," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "पण कुणाला शंका नको. आधी तुमच्या स्वतःच्या मेंढ्या चालवून दाखवा. मग प्रत्येकाने आपली मेंढी उजवीकडच्याला द्यायची."

पहिली फेरी झाली. आमची मेंढी कुंकू लावून अशी चालली की माहेरवाशीणच. मुलगी तोंडातल्या तोंडात मराठी बोलत होती, माझ्यापर्यंत फक्त ओठ पोचत होते. दातांचा प्रश्न आला, तिने 'दोन' सांगितलं. मला वाटलं, जिंकली. शेजारीणही काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा बरं चाललेलं असतं.

मग अदलाबदल झाली. आमच्या उजवीकडे तो चौदा वर्षांचा मुलगा होता. त्याच्याकडे आमची मेंढी गेली, आणि डावीकडच्या एका धाकट्या मुलीची मेंढी माझ्या मुलीकडे आली. ती गरीब मेंढी मुकाट चालली. त्या मुलाने मात्र आमच्या मेंढीच्या हनुवटीखाली हात घातला, म्हणाला, "वॉक ऑन," आणि मेंढी जागची हलली नाही.

तो पुन्हा म्हणाला. त्याने मागून गुडघ्याने हलकेच ढकललं. मेंढीने चारी पाय रोवले. तो वाकला तसं तिचं कपाळ त्याच्या पांढऱ्या कोटावर घासलं आणि छातीवर लाल पट्टा उमटला. लोक हसले. त्याचे कान लाल झाले. मला, खरं सांगते, आतून गुदगुल्या होत होत्या. म्हटलं, घे तीन पिढ्या.

मग त्याने लोकर मुठीत धरली. मेंढी थरथरायला लागली. ओरडली नाही, नुसती डोळे फिरवून इकडेतिकडे बघत राहिली. सासूबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांचं तोंड उघडलेलं पाहून मी पटकन त्यांचा हात दाबला. बाहेरून कुणी एक शब्द उच्चारला तर मुलाला बाद करतात, हा नियम मी त्यांना सकाळीच समजावला होता. त्यांनी पदर तोंडाला लावला.

जजबाई माझ्या मुलीसमोर उभ्या होत्या, तिच्याकडेच बघत. आणि माझी मुलगी वळली. जजकडे सरळ पाठ करून ती त्या मुलाला म्हणाली, "लोकर सोड. तिला म्हण, चल गं बाई."

"काय?"

"चल गं बाई. हळू म्हण."

त्या मुलाने तिच्याकडे पाहिलं, मग मेंढीकडे. मूठ उघडली. आणि वेल्समधल्या गाणाऱ्या हेलात, प्रत्येक अक्षरावर जोर देत, म्हणाला, "चल गं बाई."

मेंढी चालली. कठड्यापाशी लोक हसले, कुणी टाळ्याही वाजवल्या. मुलाने 'थांब' हा शब्दही तिच्याकडून मागून घेतला, तोही म्हणाला, मेंढी थांबली. जजबाई हातातल्या कागदावर लिहीत होत्या.

निकाल सांगताना त्यांनी कारणंही दिली, तशी तिथली पद्धत. त्या मुलाने अनोळखी, अडलेलं जनावर शेवटी शांतपणे चालवलं, म्हणून पहिला. माझी मुलगी दुसरी. "रिंगणातले सर्वांत चांगले हात या मुलीचे," जजबाई म्हणाल्या, "पण तिने माझ्याकडे पाठ केली. तो नियम मी मोडू शकत नाही." मुलीने निळा बिल्ला घेतला, थँक यू म्हणाली, आणि आपली मेंढी परत मागायला गेली.

मला भयंकर राग आला. जज बरोबर होत्या म्हणून तर जास्तच आला. त्या मुलाची आई आमच्याकडे आली, मुलाच्या कोटाकडे बोट दाखवून कसनुसं हसत म्हणाली, हे निघतं कसं? मी सासूबाईंना विचारलं. "घासू नको म्हणावं. घासलं की पसरतं," त्या म्हणाल्या. मी भाषांतर केलं. ती बाई थँक यू म्हणाली आणि जायला निघून पुन्हा वळली. "तुमची मुलगी," ती म्हणाली, पण पुढे काय म्हणायचं ते तिला सापडलं नाही, आणि मीही मदत केली नाही.

घरी जाताना गाडी मी चालवत होते. मागे आजी आणि नात. मोठ्या शोला आता तो मुलगा जाणार होता. मला तिला विचारायचं होतं, पण आवाजात राग आला असता म्हणून गप्प बसले. शेवटी सासूबाईंनीच विचारलं.

"पण तू त्याला सांगितलंस कशाला गं? उभा राहिला असता तसाच."

मुलगी खिडकीबाहेर बघत होती. आजीशी बोलायचं म्हणून तिने शब्द जुळवले.

"ती घाबरला होता, आजी. तिला इंग्लिश येत नाही. ती सगळे तिला इंग्लिश बोलत होते." मग थोडं थांबून म्हणाली, "कोणीतरी सांगायला पाहिजे ना."

एरवी 'गं' आणि 'रे'वरून तिला हटकणाऱ्या सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी तिचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं आणि बोटाने तिच्या कपाळावरचं पुसट झालेलं कुंकू नीट केलं. मी आरशात ते पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागले. नर्सरीतल्या त्या खुंट्या तिला आठवतात का, हे मी आजवर तिला विचारलेलं नाही.